युरोपला साल, बाकीच्यांना मुखवटा

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकांच्या खेळांत, म्हणजे ज्यांना जगभर रोलप्लेइंग गेम म्हणतात त्या खेळांत, हल्ली एक सल्ला फार सोज्ज्वळपणे दिला जातो. खेळाची पार्श्वभूमी म्हणून इतिहासात होऊन गेलेली खरी संस्कृती घेऊ नये; घेतलीच तर नावे बदलावीत, नकाशा फिरवावा, देवांची नव्याने बारशी करावीत. मग चूक झाली तरी कोणाला बोट ठेवता येत नाही आणि कोणाच्या भावनाही दुखावत नाहीत. सल्ला देणारे लोक भले आहेत. त्यांनी वाईट खेळ पाहिले आहेत, काहींनी त्यांतली थट्टा सोसलीही आहे. तरीही हा सल्ला धरण्याजोगा नाही. या छंदाच्या इतिहासात ज्यांनी खरोखर अपमान केले, त्यांतले पुष्कळ खेळ नेमके याच सल्ल्याबरहुकूम चालले होते.

हा खेळ ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच माणसे एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात, त्याचे निर्णय घेतात. एखादी गोष्ट जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे फासे टाकायचे. पट लागतोच असे नाही. कागद, पेन्सिल आणि नियमांचे पुस्तक पुरते. या प्रकारातला पहिला छापील खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत काढला. तो जन्मला छोट्या सैनिकांच्या लुटुपुटूच्या लढाईतून. एच. जी. वेल्सने 1913 सालीच ‘लिटल वॉर्स’ लिहून घरच्या फरशीवर सैनिक मांडून लढाई कशी खेळावी याचे नियम दिले होते. गायगॅक्सने एका सहलेखकाबरोबर 1971 मध्ये मध्ययुगीन लढायांसाठी ‘चेनमेल’ काढला, आणि त्याच्याच पुरवणीतून जादूगार, ड्रॅगन, हॉबिट आत शिरले. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या मराठी मुलांना हे मूळ परके वाटायचे कारण नाही.

आता राक्षसाची गोष्ट. 1977 सालच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकात ड्रॅगन, भुते, वेताळ यांच्या रांगेत ‘राक्षस’ नावाचा एक प्राणी आहे. चित्रात त्याचे डोके वाघाचे, अंगावर उंची झगा आणि तोंडात पाइप. मंत्रून घेतलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो जागच्या जागी मरतो. रामायण ऐकत वाढलेल्या कोणालाही हा राक्षस ओळखू येणार नाही, आणि त्याला कारण आहे. हा प्राणी लंकेतून आलेलाच नाही. तो आला 1974 च्या ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकी दूरदर्शन मालिकेच्या एका भागातून. मंत्रलेल्या बाणाची युक्तीही तिथलीच. खेळाच्या पुढच्या आवृत्त्यांत हा वाघतोंड्या टिकला, त्याचे तळवे उलटे झाले, आणि जगभरच्या खेळाडूंच्या दोन पिढ्यांना राक्षस म्हणजे तोच असे वाटत राहिले.

त्याच सुमारास दुसरी एक गंमत घडली. टॉल्किनच्या कादंबऱ्यांचे व्यापारी हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी कायद्याचा बडगा दाखवला, आणि खेळातल्या ‘हॉबिट’चा एका रात्रीत ‘हाफलिंग’ झाला, ‘एंट’चा ‘ट्रीएंट’ झाला. 1980 च्या ‘डीइटीज अँड डेमिगॉड्स’ या दैवतांच्या कोशातही असेच झाले. पहिल्या छपाईत लव्हक्राफ्टच्या कथांमधली आणि मायकेल मूरकॉकच्या कादंबऱ्यांमधली दैवते होती. हक्कांचा प्रश्न निघाला तशी ती प्रकरणे पुढच्या छपाईतून गळाली. इंद्र, अग्नी, विष्णू, काली यांचे प्रकरण मात्र जागचे हलले नाही. प्रत्येकाला चिलखताचा आकडा, प्रत्येकाला किती घाव सोसल्यावर मरण येते त्याचा आकडा. रावणाच्या वतीने नोटीस धाडणारा वकील नव्हता, हे उघड आहे. नाव बदलणे ही या धंद्यात पहिल्यापासून कोर्टकचेरीची सोय आहे. आदराशी तिचा संबंध नंतर जोडला गेला.

यावर सल्लागार म्हणतील, राक्षसाचे तर नाव बदललेच नव्हते. म्हणूनच घोटाळा झाला. ठीक. मग जिथे नावे नेमाने बदलली तिथे काय झाले ते पाहू.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने 1991 साली ‘माझ्टिका’ नावाची पार्श्वभूमी बाजारात आणली. समुद्रापार सोन्याने भरलेला एक खंड, तलावात वसलेले नेक्साल नावाचे महानगर, माणसांचे बळी मागणारे देव, नाल्टेकोना नावाचा चिंताग्रस्त सम्राट, आणि त्याच्यावर चाल करून येणारा कॉर्डेल नावाचा गोरा सेनापती. मेक्सिकोचा इतिहास शाळेपुरताही ठाऊक असलेल्याला सम्राटामागे मोक्तेझुमा दिसतो, सेनापतीमागे कोर्तेस आणि नगरामागे तेनोच्तित्लान. मुखवटा इतका पातळ की त्यातून नाक दिसते. आता खऱ्या इतिहासाकडे बघा. तेनोच्तित्लान 1521 साली पडले ते काही मूठभर स्पॅनिश लोकांच्या शौर्याने नव्हे. अस्तेकांचे जुने वैरी असलेल्या त्लाश्कालाचे हजारो सैनिक कोर्तेसबरोबर लढत होते, आणि आदल्या वर्षी आलेल्या देवीच्या साथीने शहर पोखरून काढले होते. खेळाला यापेक्षा सरस मालमसाला कुठे मिळणार? त्लाश्कालाच्या सरदाराने कोणाची बाजू घ्यावी, एवढ्या एका प्रश्नावर महिनाभर खेळता येईल.

माझ्टिकाने काय केले? तिथे नगराचा नाश होतो तो देवकोपाने आणि ज्वालामुखीने. त्या रात्री रक्तपिपासू देवाच्या पंथातले हजारो माझ्टिकावासी ऑर्क, ओगर आणि ट्रोल होतात, म्हणजे खेळाडूंनी बिनदिक्कत मारावेत असे राक्षस. जिंकल्या गेलेल्या माणसांचे जनावरांत रूपांतर! मेक्सिको असे नाव पुस्तकावर असते, तर संपादकाने हे वाक्य छापण्याआधी दहा वेळा विचार केला असता, किंवा निदान एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकाने छापल्यावर फाडून खाल्ले असते. माझ्टिकाच्या नावाने कोण भांडणार? तो देश तर अस्तित्वातच नाही. मुखवट्याने अस्तेकांच्या वारसांचे संरक्षण झाले नाही. संरक्षण झाले ते लेखकाचे.

आणि हे करायला कंपनीला इतिहास येत नव्हता असेही नाही. त्याच टीएसआरने 1991 ते 1994 या वर्षांत हिरव्या मुखपृष्ठांची सात ऐतिहासिक पुस्तके काढली. व्हायकिंग, शार्लमेनचे सरदार, केल्ट, सोळाव्या-सतराव्या शतकातला युरोप, रोम, प्राचीन ग्रीस आणि क्रुसेड. या पुस्तकांत साले आहेत, राजे आहेत, खऱ्या गावांचे नकाशे आहेत, त्या काळात कोणते शस्त्र होते नि कोणते नव्हते याची चर्चा आहे. याच चार वर्षांत अस्तेकांना माझ्टिका मिळाले आणि 1992 साली अरबांना ‘अल-कादिम’, म्हणजे जिन, गालिचे, सुलतान आणि झाखारा नावाचा कल्पित देश. क्रुसेडच्या पुस्तकात अरब येतात, पण येतात ते युरोपच्या स्वारीच्या निमित्ताने. त्याआधी 1985 च्या ‘ओरिएंटल अॅडव्हेंचर्स’ने चीन, जपान, कोरिया एकाच पोत्यात घातले होते. सामुराई, निन्जा, याकुझा ही पात्रे जपानची, जादूगार चिनी नावाचा, आणि देशाचे नाव कारा-तुर. त्या पुस्तकाच्या जुन्या प्रती इंटरनेटवर विकताना आजच्या प्रकाशकाने 2020 मध्ये पूर्वग्रहांबद्दल खुलासा जोडला, तो बोलणी खाल्ल्यावर.

इथेच खरा पंक्तिप्रपंच आहे. युरोपला सनावळी, बाकीच्या जगाला मुखवटा. युरोपातल्या माणसाला साल असते, म्हणजे त्याला कालचा दिवस असतो आणि उद्याचा असतो. तो बदलतो, हरतो, शहाणा होतो. मुखवट्यातला माणूस कायम जुनाट असतो. जो सल्ला आज संवेदनशीलतेच्या नावाने दिला जातो, तो मान्य केला तर ही वाटणी पक्की होते. कारण युरोपच्या इतिहासावर खेळ काढू नका असे कोणी कोणाला सांगत नाही, आणि सांगूही नये. ‘आर्स मॅजिका’ने 1987 पासून तेराव्या शतकातला युरोप मठ, सरंजामदार आणि विद्यापीठांसकट टेबलावर आणला, आणि तो खेळ त्यामुळेच दर्जेदार झाला.

न्यायाने एक नोंद करायला हवी. सगळ्याच प्रकाशकांनी मुखवटा वापरला नाही. स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीने आपल्या ‘गर्प्स’ मालिकेत 1988 साली जपान, 1991 साली चीन आणि 1993 साली अस्तेक अशी पुस्तके सरळ नावानिशी काढली, शेवटी वाचायच्या ग्रंथांची यादी देऊन. त्यांतही चुका आहेत. पण त्या चुका दाखवता येतात, सुधारता येतात. ज्या चुकीला पत्ता आहे तिच्या दारावर थाप मारता येते.

पूर्ण काल्पनिक जग हा तरी सुरक्षित आडोसा आहे का? 2022 साली ‘स्पेलजॅमर’ या अवकाशातल्या खेळाची नवी आवृत्ती आली. त्यात ‘हॅडोझी’ नावाचे वानरसदृश प्राणी होते. एका जादूगाराने त्यांना गुलामगिरीसाठी वाढवले आणि मग ते सुटले, अशी त्यांची कहाणी. पृथ्वीवरच्या कुठल्याही देशाचे नाव नाही, साल नाही, सगळे आकाशात. तरी वाचणाऱ्यांना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरची जुनी विटंबना त्यात तत्काळ दिसली आणि प्रकाशकाला माफी मागून तो मजकूर काढावा लागला. कल्पना आकाशातून पडत नाही. ती लेखकाच्या घरातल्या सामानातूनच तयार होते.

काल्पनिक जगाचे समर्थक आणखी एक उदाहरण देत असत, 1975 च्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’चे. कर्ते एम. ए. आर. बार्कर, मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक, उर्दूचे जाणकार. भारत, इजिप्त, मध्य अमेरिका यांच्या संस्कारांतून त्यांनी तेकुमेल नावाचे जग उभारले, त्याच्या भाषेचे व्याकरणसुद्धा लिहिले. युरोपी किल्ले नि सरदार टाळून केलेला तो पहिला मोठा प्रयत्न, म्हणून त्याचे कौतुक होई, आणि कारागिरी होतीही कौतुकाचीच. मग 2022 साली त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच कबूल केले की 1991 साली टोपणनावाने निघालेली एक नाझीवादी कादंबरी बार्कर यांचीच होती. विद्वत्ता होती, अपरिचित संस्कृतींची ओढ होती, स्वतःचे जग होते. यांतल्या कशानेही माणूस आतून काय विचार करतो याची हमी मिळाली नाही.

आता विरोधकांचा सर्वांत जोरकस मुद्दा. कादंबरी लिहून झाली की ती तशीच राहते. नाटकाला दिग्दर्शक असतो, समोर प्रेक्षक असतो. या खेळात मात्र पुस्तक विकले गेले की पुढे काय होते ते बंद खोलीत होते. चार मित्र पिझ्झा खात बसलेत, त्यांतला एक जण गुलामाचे किंवा गेशेचे पात्र घेतो आणि वेडावाकडा उच्चार काढून हशा पिकवतो. त्याला अडवणार कोण? ‘अहो, खेळच तर आहे’ असे म्हणून हा मुद्दा झटकणारे लोक आहेत. त्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही. खेळ क्षुल्लक असता तर तेही त्यासाठी भांडले नसते. मुद्दा खरा आहे. पण तो खरा मानला तर निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. टेबलावर लेखक हजर नसतो, त्याचे नियम हजर असतात. म्हणून संस्कृती वर्णनात कोंबून भागत नाही, ती नियमांत उतरावी लागते.

ग्रेग स्टॅफर्डचा 1985 सालचा ‘पेंड्रॅगन’ घ्या. आर्थर राजाच्या सरदारांचा खेळ. प्रत्येक पात्राच्या कागदावर स्वभावाच्या तेरा जोड्या असतात, क्षमाशील आणि सूडबुद्धी, विनयी आणि गर्विष्ठ अशा. एक बाजू वाढली की दुसरी तितकीच घटते, बेरीज कायम वीस. ख्रिस्ती सरदाराला यांतले काही गुण भूषण, जुन्या धर्माच्या सरदाराला दुसरेच. कसोटीच्या क्षणी खेळाडूला वाटते क्षमा करावी, फासा सांगतो सूड. बहुधा एका बैठकीत एक वर्ष सरते, हिवाळ्यात मुले जन्मतात नि घोडे मरतात, आणि कालांतराने खेळाडू आपल्याच पात्राच्या मुलाला खेळू लागतो. वेडावाकडा उच्चार काढायला इथे वाव फार थोडा, कारण नियम सतत सरंजामी माणसासारखा विचार करायला लावतात.

ज्यांना वाटते की यातनांच्या इतिहासाला टेबलावर जागाच नसावी, त्यांनी ज्युलिया बाँड एलिंगबो यांचा 2007 सालचा ‘स्टील अवे जॉर्डन’ पाहावा. पात्रे अमेरिकेतले गुलाम. प्रत्येक पात्राची ‘किंमत’ ठरवतो गेम मास्टर, बाजारात मालक ठरवी तशी, आणि त्या किमतीवर खेळाडूला किती फासे मिळणार ते अवलंबून. एवढ्या एका नियमात जे कळते ते वर्णनाच्या दहा पानांत कळत नाही. त्याच वर्षीचा जेसन मॉर्निंगस्टार यांचा ‘ग्रे रँक्स’ 1944 च्या वॉर्सा उठावातल्या पोरसवदा स्वयंसेवकांचा आहे. उठाव त्रेसष्ट दिवसांनी चिरडला जाणार हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असते. फ्रेडरिक येन्सन यांचा ‘मोन्सेगुर 1244’ तर शीर्षकातच साल घेऊन येतो. फ्रान्समधल्या कॅथार पंथीयांचा शेवटचा मोठा किल्ला पडला तेव्हा धर्ममत सोडायला नकार देणाऱ्या दोनशेहून अधिक माणसांना जाळण्यात आले. खेळाच्या शेवटी प्रत्येकाला सांगावे लागते, मत सोडणार की चितेवर चढणार. सवंग हशा पिकवायला माणूस फारच निबर हवा.

उलट बाजूचे एक उदाहरण आहे आणि ते दडवण्याचे कारण नाही. लिआम बर्क यांच्या 2012 च्या ‘डॉग ईट डॉग’मध्ये बेटाचे नाव खेळाडूंनीच ठरवायचे असते. त्यात परकी सत्ता खेळायची ती टेबलावरच्या सर्वांत श्रीमंत माणसाने, आणि पहिला नियम म्हणजे इथले लोक सत्ताधाऱ्यांपेक्षा हीन आहेत. काल्पनिक असून खेळ जबरदस्त आहे. कारण त्याने कोणाचे कपडे उसने घेतलेले नाहीत, वसाहतीची यंत्रणा तेवढी उचलली आहे. माझ्टिकाने पिसांचे मुकुट उचलले आणि यंत्रणा टाकून दिली.

मग उरतो जन्माचा दाखला. ज्याची संस्कृती त्यानेच खेळ लिहावा, असे आता जवळजवळ गृहीत धरले जाते. त्यातला पोटापाण्याचा भाग बिनतोड आहे. पन्नास वर्षे इतरांच्या संस्कृतींवर पुस्तके विकली आणि त्या लोकांना मानधन नाही की मुखपृष्ठावर नाव नाही, हे अन्यायाचेच होते. 2022 च्या ‘जर्नीज थ्रू द रेडिएंट सिटाडेल’मध्ये अजित जॉर्ज यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर लेखकांनी तेरा साहसकथा लिहिल्या, कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्यांची छाया असलेली शंखभूमी त्यात उभी केली, हे चांगलेच झाले. पण शंखभूमी हे बंगालचे कुठले शतक, असा प्रश्न तिथे विचारता येत नाही. लेखिका घरची आली, मुखवटा प्रकाशकाचाच राहिला. याउलट चेरोकी नेशनचे कॉनर अलेक्झांडर यांच्या ‘कोयोटी अँड क्रो’ने इतिहासाला वेगळे वळण देऊन युरोपी लोक अमेरिकेत आलेच नाहीत असे जग रचले, आणि तरीही त्याचे मुख्य नगर म्हणून काहोकिया हे खरे नाव ठेवले. 2021 साली लोकवर्गणीतून त्याला दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. खऱ्या नावाला ग्राहक बिचकतात, ही प्रकाशकांची जुनी सबब त्यानंतर ऐकवत नाही.

जन्माने भाषा मिळते, सणवार मिळतात, राग कशाचा येतो ते कळते. तीनशे वर्षांपूर्वीचे शतक जन्माने मिळत नाही. पुण्यात सात पिढ्या राहिलेल्या माणसालाही मोडी येत नसेल तर 1720 सालचा कागद त्याला अमेरिकी माणसाइतकाच बंद. आणि ‘घरचा’ म्हणजे कोणाच्या घरचा? पेशवाईतल्या गावावर खेळ लिहायचा तर पाटलाच्या वंशजाने लिहावा, कुलकर्ण्याच्या की महाराच्या? तिघांच्या आठवणींतले गाव एक नाही.

महाराष्ट्रात आणखी एक आक्षेप येईल, आणि तो अमेरिकी सल्ल्यापेक्षा मोठ्या आवाजात येईल. आमचे देव, आमचे महापुरुष फाशांवर नकोत. देवांपुरते याचे उत्तर सावंतवाडीत रंगवून ठेवलेले आहे. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण 120. अवतार हातात धरून माणसे डाव जिंकत आणि हरत आली आहेत. महापुरुषांबाबत मात्र आक्षेपात नकळत एक शहाणपण आहे, जरी ‘घाशीराम कोतवाल’ला 1972 नंतर जे सोसावे लागले त्याचे समर्थन कोणी करू नये. छत्रपती टेबलावर आले की खेळ थांबतो. त्यांच्या वतीने चुकीचा निर्णय घ्यायला कोणी धजत नाही, आणि चुकण्याची मुभा नसेल तर फासे कशाला? ‘ग्रे रँक्स’मध्येही सेनापती नाहीत, पोरे आहेत. ऐतिहासिक खेळाची जागा थोरांच्या सावलीत वावरणाऱ्या माणसांत असते.

अशा जागा मराठी मुलखात किती पडून आहेत! 1560 च्या सुमारासचा गोव्यातला सासष्टी प्रांत घ्या. पोर्तुगिजांनी त्या साली इन्क्विझिशन आणले, देवळे पाडली जात होती. कुशस्थळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेला गेला. पलीकडे राज्य आदिलशहाचे, म्हणजे देव वाचवायला न्यायचा तो सुलतानाच्या हद्दीत. कोणी गाव सोडले, कोणी गावकरीतली जमीन राखण्यासाठी राहिले आणि बाप्तिस्मा घेतला. चार भावंडे, एक घर, एक रात्र. येन्सन यांच्या किल्ल्याइतकीच अवघड निवड, आणि इथे चूक कोण हे आजही सहज सांगता येत नाही. यातली नावे बदलून, आदिलशहा काढून, ‘अंधाराचे साम्राज्य’ आणून काय शिल्लक राहील?

किंवा अठराव्या शतकातले देशावरचे एक गाव, पाटीलकीचा तंटा. सामान तयार आहे. गो. स. सरदेसाई यांनी 1930 च्या दशकात संपादित केलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड आहेत, त्रिंबक नारायण आत्रे यांचा 1915 चा ‘गावगाडा’ आहे, मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर वि. त्र्यं. गुणे यांचा 1953 चा ग्रंथ आहे. दोघे भाऊबंद पाटीलकी सांगतात. कुलकर्ण्याच्या हाती जुना कागद, तो खरा की खोटा त्यालाच ठाऊक. सुताराचे बलुते दोन हंगाम थकले आहे. जातीच्या उतरंडीत तळाशी ठेवलेल्या महाराची साक्ष शिवेच्या वादात वजनदार, कारण गावाची हद्द पायांनी ओळखणारा तोच. जात म्हणजे पात्राच्या कागदावर बुद्धी अधिक दोन, बळ उणे एक असा हिशेब मांडणाऱ्यांनी इथे येऊन पाहावे. ती माणसाच्या अंगात नसते. कोण कोठे बसतो, कोणाला आधी बोलू देतात, कोणाचे ऐकून न ऐकल्यासारखे करतात यात ती असते, आणि नियम करायचे ते याचेच.

कागद नि साक्षींनी निवाडा झाला नाही तर शेवटी दिव्य. तापलेल्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा, हाताला पिशवी बांधून वर मोहोर करायची, आणि काही दिवसांनी गोतासमोर हात उघडून बघायचा. खेळ लिहिणाऱ्याने इथे एक गोष्ट आधी ठरवावी: फासा नेमका कशावर टाकायचा. हात भाजला की नाही यावर टाकला, तर देव न्याय करतो असे मानणारा खेळ तयार होईल, आणि त्या काळच्या श्रद्धेला तो धरून असेल. भाजल्याची खूण दिसते आहे की जुना व्रण आहे याचा कौल गोताकडून घ्यायचा ठरवला, तर गोतात कोणाचे सोयरे किती बसले आहेत आणि सुताराचे थकलेले बलुते देण्याचे आदल्या रात्री कोणी कबूल केले, हे मोजावे लागेल.